'बोग' आणि 'भग': स्लाव भाषांतील देववाचक शब्दाचा माग कसा काढावा

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी पाचसहा जण जमतात. त्यांतले काही फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकतात, तर काहींचा संस्कृतशी जुना परिचय आहे. एका रविवारी रशियन शिकणाऱ्या मुलीने उत्साहाने सांगितले की, रशियन भाषेत देवाला 'बोग' म्हणतात, म्हणजे तो आपला 'भोग'च असणार. देवाला आपण भोग चढवतोच ना! तिचा तर्क चुकीचा होता, पण शंका अगदी योग्य ठिकाणी आली होती. तिचे उत्तर शोधण्यात आमचे तीन रविवार गेले. त्या तीन रविवारांत जी रीत हाती लागली ती येथे मांडतो. कोणाही मराठी वाचकाला ती घरी बसून अनुसरता येईल. स्लाव भाषा, म्हणजे रशियन, पोलिश, चेक यांच्या कुळातल्या भाषा, येण्याची गरज नाही. त्यांची लिपी ओळखता आली तर बरे, आणि संस्कृतचा थोडा संग्रह असला तर फारच उत्तम.

आरंभ चिठ्ठ्यांपासून करावा. आपल्याच गावात, डेक्कन कॉलेजात, १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालले आहे आणि त्याचा सारा पाया म्हणजे शब्दांचे दाखले लिहिलेल्या सुमारे १ कोटी चिठ्ठ्या. आपल्याला तेरा-चौदा पुरतात. प्रत्येक भाषेची एक चिठ्ठी करून तिच्यावर शब्दाची तीन रूपे लिहावीत: प्रथमेचे, षष्ठीचे आणि संबोधनाचे. केवळ प्रथमेचे रूप घेऊन कधीही पुढे जाऊ नये. कोशात पहिले तेच दिसते, पण फसवण्याची शक्तीही त्याच्यातच सर्वांत जास्त असते.

फसवणूक कशी होते ते प्रत्यक्ष पाहा. पोलिश माणूस देवाला 'बुक' म्हणतो, चेक माणूस 'बूख', बल्गेरियन 'बोक', सर्बियन 'बोग' आणि रशियन 'बोख'. (येथे 'ख' म्हणजे आपला महाप्राण ख नव्हे; फारसीतल्या 'खबर'मध्ये घशातून घासत येतो तो.) ऐकणाऱ्याला हे पाच निराळे शब्द वाटतील. आता षष्ठी लिहा: पोलिश 'बोगा', रशियन 'बोगा', सर्बियन 'बोगा', चेक आणि स्लोवाक 'बोहा'. पुढे स्वर आला की लपलेले व्यंजन बाहेर येते आणि पाच शब्दांचे एका शब्दाचे दोन उच्चार उरतात. मागचे कारण समजण्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. दोन बोटे कंठावर ठेवून 'बाग' म्हणावे. शेवटच्या ग् पर्यंत बोटांना कंप जाणवतो. मग 'बाक' म्हणावे. कंप आधीच थांबतो. रशियन, पोलिश, बल्गेरियन यांना शब्दान्ती घोष व्यंजन पेलत नाही, तेथे ते अघोष होते. त्यांना आपला 'राग' म्हणायला सांगितला तर ते 'राक' म्हणतील. सर्बियन मात्र आपल्यासारखाच शेवटचा ग् निनादत ठेवतो. रशियनमध्ये आणखी एक बारकावा आहे. तेथे शब्दान्ती ग् चा सहसा क् होतो, मित्राला 'द्रुग' लिहून 'द्रुक' म्हणतात, पण देवाच्या शब्दात क् न होता ख होतो, कारण दक्षिणेकडचा घासून येणारा ग् चर्चमधल्या पठणपरंपरेने या एका शब्दात जपून ठेवला. पूजेच्या भाषेत जुने उच्चार टिकतात हे वेदपठण ऐकलेल्या पुणेकराला वेगळे सांगायला नको.

चेक, स्लोवाक, युक्रेनियन, बेलारूसी आणि जर्मनीच्या पूर्व कडेला बोलली जाणारी वरची सोर्बियन या भाषांत मूळच्या ग् चा ह् झाला किंवा तो ह् च्या जवळ गेला. हा बदल या एका शब्दापुरता नाही, त्या भाषांत सरसकट झाला आहे. डोंगराला रशियनमध्ये 'गोरा' आणि चेकमध्ये 'होरा'. म्हणून चिठ्ठीवर 'बोहा' दिसला की शेजारी 'होरा' लिहून ठेवावे. एका शब्दातला बदल दुसऱ्या शब्दाने सिद्ध होत नाही तोवर तो बदल मानू नये, हा या सगळ्या उद्योगाचा कणा आहे.

मग स्वर उरतो: पोलिशमध्ये उ आणि चेकमध्ये दीर्घ ऊ कोठून आला? नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या बंधूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी स्लाव भाषेत जे पहिले ग्रंथलेखन केले, त्यात या शब्दाच्या शेवटी एक अतिऱ्हस्व स्वर लिहिलेला आढळतो. पुढे तो स्वर उच्चारातून गळाला आणि पोलिश व चेकमध्ये त्याची भरपाई म्हणून आधीचा ओ लांबला. लांबलेला ओ चेकमध्ये 'उओ' झाला, 'उओ'चा ऊ झाला, आणि आज चेक लिपीत त्या अक्षरावर दिसणारे छोटे वर्तुळ म्हणजे उ च्या डोक्यावर बसवलेला तोच जुना ओ आहे. षष्ठीत शेवटी पूर्ण स्वर असल्यामुळे भरपाईचा प्रश्न आला नाही, म्हणून 'बूख' पण 'बोहा'. रशियनांनी तो गळालेला स्वर लिहिण्याची चाल १९१८च्या लेखनसुधारणेपर्यंत सोडली नव्हती. त्या आधीचे एखादे छापील रशियन पान पाहायला मिळाले तर जवळजवळ प्रत्येक व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी ते मुके अक्षर उभे दिसते. आपणही 'देव' लिहितो आणि 'देव्' म्हणतो. अन्त्य अ आपल्याकडेही असाच केवळ लिहिण्यात उरला आहे. शिवाय एक गळाले की शेजारचे लांबते हेही मराठीला नवे नाही: संस्कृत 'भक्त'चे प्राकृतात 'भत्त' झाले आणि मराठीत जोडाक्षरातला एक त् जाऊन अ चा आ झाला, 'भात'. हा 'भात' लक्षात ठेवावा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

तिसरे रूप संबोधनाचे. मराठी माणसाला ते जड जाऊ नये, कारण 'देव' आणि 'देवा' यांतला फरक आपल्या तोंडी रोज असतो. स्लाव भाषांत येथे 'बोझे' मिळते. (हा 'झ' म्हणजे 'श' म्हणताना कंठ निनादू दिला की होणारा ध्वनी.) पोलिश, चेक, युक्रेनियन, सर्बियन, बल्गेरियन सगळीकडे हे रूप जिवंत आहे, रशियनने संबोधनाची जुनी रूपे बहुतेक टाकून दिली, तरी हे ठेवले. ग् चा झ् कसा झाला? पुढे ए आला म्हणून. जिभेचा मागचा भाग वापरून होणारा ग्, पुढे ए किंवा इ आला की तालूकडे ओढला जातो. संस्कृतातही हेच झालेले आहे: 'भाग' पण 'भजति', 'योग' पण 'युज्यते'. तिकडचा 'बोग–बोझे' आणि इकडचा 'भाग–भज' या दोन जोड्या स्वतंत्रपणे, पण एकाच कारणाने घडल्या. तिसऱ्या रविवारी हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा, इतकी वर्षे हे विषय हाताळूनही, मला नव्याने आनंद झाला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सारखा आवाज म्हणजे नाते नव्हे. नाते सिद्ध करायचे तर प्रत्येक ध्वनीचा हिशेब लागला पाहिजे आणि तो इतर शब्दांतही तसाच लागला पाहिजे. संस्कृत भ् समोर स्लाव ब् येतो: 'भ्राता'ला रशियन 'ब्रात', 'भ्रू'ला, म्हणजे आपल्या भुवईला, 'ब्रोव्ह', 'नभस्'ला 'न्येबो' म्हणजे आकाश. संस्कृत ग् समोर ग् येतो: 'युग', म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू, त्याला 'ईगो'. आणि संस्कृतच्या ऱ्हस्व अ समोर, विशिष्ट परिस्थितीत, स्लाव ओ येतो: 'अक्ष', ज्याला आपण बैलगाडीच्या चाकाचा आस म्हणतो, त्याला रशियनमध्ये 'ओस्य', अर्थ तोच. तीन ध्वनी जोडले की स्लाव 'बोग'च्या समोर संस्कृतात 'भग' उभा राहतो. 'भोग' बसत नाही, कारण संस्कृत ओ हा मुळात 'अउ' असा संयुक्त स्वर होता आणि त्याच्या समोर स्लाव भाषांत ओ नव्हे, उ येतो: 'शोष' या शब्दाला रशियन 'सुखोय', म्हणजे कोरडा. 'भोग' स्लाव भाषांत असता तर तो 'बुग'सारखा दिसला असता. मुलीने हे मान्य केले, पण 'भग म्हणजे काय?' असा पुढचा प्रश्न लगेच टाकला, आणि तो जास्त मोलाचा होता.

येथे बहुतेक जण थांबतात: 'बोग' बरोबर 'भग', 'भग'वरून 'भगवान', म्हणून देव, काम संपले. मी कळकळीने सांगतो की येथे थांबू नये. शब्दाला घरदार असते. त्याचा अर्थ त्याच्या घरच्या माणसांकडून कळतो. म्हणून आता प्रत्येक चिठ्ठी उलटावी आणि मागच्या बाजूला 'बोग'पासून निघालेले, पण देवाशी उघड संबंध नसलेले शब्द लिहावेत. रशियन 'बगाती', पोलिश 'बोगाती', चेक 'बोहाती', सर्बियन 'बोगात': या सगळ्यांचा अर्थ श्रीमंत. रशियन 'उबोगी', पोलिश 'उबोगी', चेक 'उबोही': अर्थ दरिद्री, बिचारा. यातला 'उ' हा 'पासून दूर, वंचित' असे सांगणारा जुना उपसर्ग आहे. पोलिश 'झ्बोझे': अर्थ धान्य. युक्रेनियनमध्येही त्याच घडणीचा शब्द धान्यालाच आहे, आणि चेक 'झ्बोझी' म्हणजे दुकानातला माल. आता हे सगळे देवावरून समजावून पाहा. ज्याला देव नाही तो दरिद्री, हे ओढूनताणून जमेल. पण धान्य आणि माल? 'बोग'चा जुना अर्थ 'वाटा' किंवा 'वाट्याला आलेली संपत्ती' असा धरला की मात्र कुलूप चटकन उघडते. ज्याला वाटा मिळाला तो श्रीमंत, ज्याच्या वाट्याला काही आले नाही तो दरिद्री, आणि खळ्यावर जे वाटले जाते ते धान्य.

मराठी वाचकाला हे घरचे आहे. 'उबोगी' म्हणजे शब्दशः आपला 'अभागी'. 'भाग' म्हणजे वाटा, 'भाग्य' म्हणजे वाट्याला आलेले, 'भागीदार', 'विभाग', 'सौभाग्य', सगळे एकाच 'भज्' धातूचे, आणि त्या धातूचा मूळ अर्थ भजन करणे नसून वाटणे, वाटा घेणे हा आहे. 'भक्त' म्हणजे वाटून दिलेले, म्हणून अन्न, म्हणून शिजवलेला तांदूळ. तोच आपला 'भात'. खळ्यावर रास पडली की बलुतेदार आपापला वाटा न्यायला येत आणि तो वाटा धान्यातच दिला जाई. ज्या समाजात वाटा म्हणजे धान्य, त्या समाजात वाट्याचा शब्द धान्याला किंवा भाताला मिळणे अगदी स्वाभाविक आहे. पोलिश शेतकऱ्याचे 'झ्बोझे' आणि आपल्या ताटातला 'भात' हे दोघे एका धातूचे आहेत. ते दोन निरनिराळ्या मार्गांनी, पण एकाच विचाराने, धान्यापर्यंत आले.

वाट्यापासून देवापर्यंतची वाट कशी दिसते हे ऋग्वेदात वाचता येते. 'भग' हा तेथे आदित्यांपैकी एक देव आहे, आणि सातव्या मंडलातले एक्केचाळिसावे सूक्त मुख्यतः त्याचे आहे. गरीब, बलवान आणि राजासुद्धा ज्याच्याजवळ वाटा मागतो तो हा देव. त्याच सूक्तात म्हटले आहे, 'भग एव भगवाँ अस्तु देवास्तेन वयं भगवन्तः स्याम', म्हणजे भग हाच भगवान असो आणि त्याच्यायोगे आम्हीही भगवान होऊ. येथे 'भगवान' हे ईश्वराचे नाव नाही. ज्याच्यापाशी वाटा आहे तो भगवान, आणि माणसे तसे होण्याची इच्छा धरीत आहेत. हा मंत्र मूळ चिठ्ठीवर अवश्य उतरवून घ्यावा. वाटा, वाटा देणारा आणि वाटा लाभलेला हे तिन्ही अर्थ एका ओळीत सापडण्याचे असे भाग्य फार थोड्या शब्दांना असते. स्लाव बाजूला याचे प्रतिबिंब 'दाझ्बोग' या जुन्या देवाच्या नावात मानले जाते, कारण त्याचा पहिला भाग 'देणे' या धातूचा आहे. रशियन इतिवृत्तात ९८० साली राजपुत्र व्लादिमीरने कीव्हच्या टेकडीवर ज्या मूर्ती उभारल्या त्यांत पेरून, मोकोश आदींबरोबर दाझ्बोग आणि स्त्रीबोग ही नावे येतात. आठच वर्षांनी, ९८८ मध्ये, त्याच व्लादिमीरने बाप्तिस्मा घेतला, मूर्ती पाडल्या, पण 'बोग' हा शब्द नव्या धर्मात तसाच चालत राहिला. मराठी बायबलातही 'देव' हाच शब्द आला आहे. धर्म बदलला तरी हाक मारण्याचा शब्द लोक सहसा बदलत नाहीत.

यापुढची पायरी अवघड आहे आणि तीत घाई करू नये. नाते सिद्ध झाले म्हणजे शब्द दोन्हींच्या समान पूर्वजभाषेकडून वारशाने आला असे ठरत नाही. तो शेजाऱ्याकडून उसनाही आलेला असू शकतो. स्लावांच्या पूर्वजांचे शेजारी, काळ्या समुद्राच्या उत्तरेचे शक आणि सर्मात, इराणी भाषा बोलत. इराणीतही हा शब्द आहे आणि अर्थ थेट 'देव' आहे. प्राचीन इराणच्या दारयवहु (दारियस) राजाच्या नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखाचा आरंभ पाहा: 'बग वज़्रक अउरमज़्दा ह्य इमाम् बूमिम् अदा', म्हणजे अहुरमज्द हा थोर देव आहे, ज्याने ही भूमी निर्मिली. 'भग'चा 'बग' आणि 'भूमिम्'चे 'बूमिम्', दोन्ही एकाच वाक्यात. इराणीत भ् चा महाप्राण गेल्याचा पुरावा याहून सुबक मिळणार नाही. म्हणजे 'बोग' इराणी 'बग'वरूनही तितक्याच सहजतेने होऊ शकतो.

उसनवारीच्या बाजूने एक ध्वनिशास्त्रीय मुद्दाही मांडला जातो. वेर्नर विंटर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात दाखवले की, मूळच्या अल्पप्राण घोष व्यंजनाआधीचा ऱ्हस्व स्वर बाल्टिक-स्लाव शाखेत दीर्घ होतो. संस्कृत 'अद्मि' (मी खातो) यातला अ ऱ्हस्व आहे, पण 'खाणे' याच अर्थाच्या स्लाव धातूत स्वर दीर्घ आहे. 'भग'मधला ग् तसाच अल्पप्राण घोष असल्यामुळे वारशाने आलेला शब्द 'बाग'सारखा दिसायला हवा होता. तो 'बोग' आहे, तेव्हा नंतर आला असावा. यावर प्रत्युत्तर असे की पाण्याचा स्लाव शब्द 'वोदा' हाही या नियमाला जुमानत नाही, आणि तो तर नक्कीच वारशाचा आहे. अभ्यासकांत यावर एकमत नाही. माझे स्वतःचे मत असे की श्रीमंत, दरिद्री, धान्य हे सारे गोत इतके खोल रुजले आहे की 'वाटा' हा अर्थ स्लावांचा स्वतःचा असावा, आणि 'देव' हा अर्थ मात्र इराणी शेजाऱ्यांच्या सहवासात त्यावर चढला असावा. पण चिठ्ठीवर हे शाईने लिहू नये. आम्ही सिद्ध ते शाईने, संभाव्य ते पेन्सिलने लिहितो आणि निव्वळ कल्पना असेल तिला चिठ्ठीच देत नाही.

कोशांविषयी थोडे. रशियनसाठी माक्स फास्मर यांचा व्युत्पत्तिकोश (१९५० ते १९५८) अजूनही पहिला उघडावा. त्याचे रशियन भाषांतर मूळ जर्मनपेक्षा वापरायला सोपे आणि विस्तृत टिपांचे आहे. डेक्कन कॉलेजच्या कोशाचे प्रकाशित खंड अजून 'अ'कारातच आहेत, तेव्हा 'भग'साठी मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशाकडेच जावे लागते.

रोजच्या बोलण्यातले आणि नावांतले दाखले गोळा करणे सोपे आहे, त्यावर फार वेळ घालवू नये. रशियन 'स्पासीबो', म्हणजे धन्यवाद, हे 'देव तुला तारो' या अर्थाच्या दोन शब्दांचे आटलेले रूप आहे. बल्गेरियन निरोप घेताना 'स्बोगम', म्हणजे 'देवासह', म्हणतात. 'बोग्दान' म्हणजे आपला देवदत्त आणि चेक 'बोहुमिल' म्हणजे देवप्रिय. 'चेर्नोबोग', म्हणजे काळा देव, याच्याबाबत मात्र सावध राहावे. बाराव्या शतकात हेल्मोल्ड नावाच्या जर्मन पाद्र्याने पश्चिमेकडच्या स्लावांच्या अशुभ देवाचे हे नाव नोंदवले आहे, एवढेच खरे. त्याच्या जोडीला जो पांढरा देव उत्साहाने सांगितला जातो, तो हेल्मोल्डच्या मजकुरात नाही.

चिठ्ठ्या पूर्ण झाल्यावर एक कोरी चिठ्ठी घेऊन तिच्यावर 'देव' लिहावे. स्लावांच्या उत्तरेचे सख्खे शेजारी, लिथुएनियन, देवाला 'द्येवास' म्हणतात. ध्वनी लावून पाहिले तर तो थेट आपला 'देव' आहे. स्लाव भाषांत त्याच्या गोतातले म्हणून जे शब्द दाखवले जातात त्यांत रशियन 'दीवो', म्हणजे आश्चर्य, आणि बल्गेरियन लोककथांतली 'समोदिवा' ही रानपरी आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'दएव' म्हणजे तर दैत्य. आमच्या पुढच्या रविवारची चिठ्ठी ही आहे, आणि ती त्या मुलीने स्वतःकडे घेतली आहे.